विमानातली पुढची खुर्ची
(मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली, घर सांभाळणारी बाई. मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही उभयता परदेशी जाऊन आलो, तेव्हा विमानाच्या भाड्याविषयी जे उमगले ते सांगते.

विमान एकच, पण पुढच्या ऐसपैस खुर्चीचे भाडे मागच्या खुर्चीच्या कित्येक पट. करही निराळा. मागच्या वर्गाला ५ टक्के, तर वरच्या वर्गाला २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के.

तरी पुढच्या खुर्च्या सगळ्याच विकल्या जात नाहीत. आपल्या पलूसची द्राक्षे विकली नाहीत तर त्यांचा बेदाणा तरी होतो. रिकामी उडालेली खुर्ची मात्र फुकट गेली. म्हणून काही कंपन्या उरलेल्या खुर्च्यांसाठी मागच्या उतारूंकडून बोली मागवतात. आपली रेल्वे २००६ पासून अशी जागा जादा पैसे न घेता देते. किर्लोस्करवाडीहून निघणाऱ्याने पूर्ण भाडे भरून तिकिटावर संमती दिली असेल आणि वरच्या वर्गात जागा उरली असेल, तर तिथे नंबर लागू शकतो.

आम्हाला बोलीचा निरोप आला. यजमानांच्या कमरेचे ऑपरेशन झालेले. मुलगा म्हणाला, "आई, भरून टाकू." मी विचारले, "आकडा दोघांचा की एकाचा? सगळ्या प्रवासाचा की एका टप्प्याचा?" तो निघाला एका माणसाचा, एका टप्प्याचा! भिशीचे पैसे तर मी बाळंतिणीसाठी राखलेले.

डॉक्टरांची परवानगी उशिरा मिळाल्याने यजमानांचे तिकीट वेगळे काढले होते. म्हणून त्यांच्या एकट्यासाठी, फक्त लांबच्या टप्प्याची बोली लावता आली. एकाच तिकिटावर असतो तर दोघांची लावावी लागली असती. बोली मान्य झाली. ते अवघडून म्हणाले, "मी पुढे, तू मागे, हे बरे दिसत नाही." मी म्हटले, "सप्तपदीपासून तुमच्या मागेच चालते आहे. आणखी काही तास चालेन!"

गावी आल्यावर काहीजणींनी विचारले, "तुम्ही मागेच बसलात?" होय, बसले. त्यात कमीपणा कसला? दुखऱ्या कमरेसाठी मोजलेला पैसा सार्थकी लागला. मिरवण्यासाठी मोजला असता तर वाया गेला असता.

तेव्हा भगिनींनो, पैसे भरण्याआधी विचारा: आकडा कितीजणांचा, किती टप्प्यांचा, आणि बोली मान्य झाल्यावर बेत बदलला तर पैसे परत मिळतात का? बहुधा मिळत नाहीत. विचारायला शिक्षण लागत नाही, फक्त भीड सोडावी लागते.