प्रोग्रॅम कोणी लिहिला?

(गटाच्या पुण्यातील मासिक अभ्यास-बैठकीत आमच्या एका मैत्रिणीने केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन. एका संशोधन संस्थेत तिने अनेक वर्षे प्रोग्रॅमर म्हणून काम केले आहे. – संपादक)



संगणकीय विज्ञानात पीएच.डी. करणाऱ्या फेलोंची परिषद पुण्यात आहे, तिथे जाऊन आले की सांगते, असं मी मागच्या वेळी म्हणाले होते. तेव्हा कोणीतरी विचारलं, "म्हणजे कॉम्प्युटर शिकणारी मुलंमुली ना?" तसं नाही. ही मंडळी कॉम्प्युटर शिकत नाहीत, कॉम्प्युटरने विज्ञान करतात. मॉन्सूनचे ढग काही प्रयोगशाळेत आणून ठेवता येत नाहीत. औषधाचा रेणू प्रथिनाला कसा चिकटतो, ते डोळ्यांना दिसत नाही. मग त्यांचे नियम गणितात मांडायचे, त्या गणिताचा प्रोग्रॅम लिहायचा आणि तो मोठ्या संगणकावर चालवून काय होतं ते बघायचं. एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. बाकीचं सगळं मलाही समजलं असं नाही.

पुणं हे या कामाचं जुनं गाव. १९८८ साली इथे सी-डॅक सुरू झाली आणि १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक तयार झाला. त्याच वर्षी अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने याच विषयात पीएच.डी. करणाऱ्यांसाठी खास फेलोशिप काढली. तिथले फेलो १२ आठवडे आपलं विद्यापीठ सोडून राष्ट्रीय प्रयोगशाळेत काम करतात, आणि दरवर्षी एकत्र जमून आपापलं काम मांडतात. आपल्याकडे २०१५ मध्ये राष्ट्रीय महासंगणक मोहिमेला ४,५०० कोटी रुपये मंजूर झाले. पाषाणच्या आयसरमध्ये 'परम ब्रह्म' आलं, शेजारच्या आयआयटीएममध्ये हवामानासाठी २०१८ ला 'प्रत्युष' आणि २०२४ ला 'अर्का', खोडदच्या दुर्बिणीच्या कामासाठी 'परम रुद्र'. पेपरात यंत्रांचे फोटो येतात, हार घातलेले.

परिषदेत मुली बऱ्याच होत्या. पोस्टरपाशी उभ्या राहून, समोरचा माणूस कितीही मोठा असला तरी, न घाबरता उत्तरं देत होत्या. मला फार बरं वाटलं. पण जेवणाच्या रांगेत जे ऐकलं ते वेगळं होतं. एक जण म्हणाली, "मॅडम, माझ्या सासरी पीएच.डी.ला कोणाचीच हरकत नाही. उलट त्यांना हा विषय आवडतो. लॅब नाही, अॅसिड नाही, उशिरापर्यंत बाहेर थांबणं नाही. लॅपटॉपवरचं तर काम, घरी बसून होतं!" तिच्या मागे उभी होती ती हसली आणि म्हणाली, "हो ना, कुकर लावून प्रोग्रॅमही लावायचा."

आपण घरकामाबद्दल इतकी वर्षं बोलतो आहोत, तेच इथे आलं आहे. काम घरात होतं म्हणून ते काम वाटत नाही. ती तीन तास पडद्याकडे बघत बसली तर "नुसती बसली आहे", तेच नवऱ्याने केलं तर "ऑफिसचं चाललंय". एक चुकलेलं चिन्ह शोधायला आठवडा जातो, हे मी स्वतः भोगलेलं आहे. त्या आठवड्यात हातात दाखवण्यासारखं काही नसतं. प्रयोगशाळेत निदान काचेची भांडी तरी दिसतात!

मोठ्या यंत्रावर काम चालवायचं तर रांग असते. आपला नंबर रात्री दोनला लागू शकतो. आता हॉस्टेलच्या खोलीतूनही काम पाठवता येतं, पण काही बिघडलं, कोणाला विचारायचं झालं, तर सगळे लॅबमध्ये जमलेले असतात. तिथे रात्री चहा पिता पिता जे शिकायला मिळतं, ते दहाला दार बंद होणाऱ्या मुलींच्या हॉस्टेलपर्यंत पोचत नाही. एका मुलीने हे सांगितलं आणि बाकीच्या माना हलवत होत्या.

आता थोडं माझं. नव्वदच्या दशकात मी एका संस्थेत होते, नाव सांगत नाही. एका प्राध्यापकांच्या समस्येसाठी मी सात महिने प्रोग्रॅम लिहिला. नुसता लिहिला नाही. त्यांनी सांगितलेली रीत चालत नव्हती, ती मी बदलली. पेपर छापून आला. लेखकांत तिघांची नावं होती. शेवटी आभार : "संगणकाच्या साहाय्याबद्दल श्रीमती अमुक." मला तेव्हा आनंदच झाला होता. घरी नेऊन दाखवला मी तो पेपर! राग यायला पुढे दहा वर्षं लागली.

हे माझ्या एकटीचं असतं तर इथे उगाळलं नसतं. पण या शास्त्राचा पायाच असा घातला गेला आहे. १९५३ मध्ये अमेरिकेत लॉस अलामोसला एक पद्धत निघाली. असंख्य शक्यतांमधून नमुने निवडत निवडत उत्तराकडे जायचं, अशी ती रीत. परिषदेत निदान दहा पोस्टरांवर ती होती. 'मेट्रोपोलिस' म्हणतात तिला, एका लेखकाच्या आडनावावरून. पेपरवर नावं पाच आहेत, त्यांत दोन बायका. संगणकावरचा प्रोग्रॅम लिहिला तो आरियाना रोझेनब्लूथ यांनी. त्यांनी १९४९ मध्येच हार्वर्डची पीएच.डी. मिळवली होती. पुढे मुलंबाळं झाल्यावर त्यांचं संशोधन सुटलं. डिसेंबर २०२० मध्ये त्या कोविडने गेल्या.

तिथलीच दुसरी गोष्ट. १९५५ मध्ये फर्मी, पास्ता आणि उलाम यांचा एक अहवाल आला. एकमेकांना जोडलेल्या कणांची साखळी हलवली तर ऊर्जा कशी पसरते, हे त्यांनी संगणकावर पाहिलं. कागदावर न सुटणारं कोडं संगणकाने तपासण्याची ही अगदी सुरुवातीची उदाहरणं. अहवालावर 'काम कोणी केलं' यात चार नावं आहेत आणि 'अहवाल कोणी लिहिला' यात तीन. गळालेलं चौथं नाव मेरी त्सिंगू. प्रोग्रॅम तिचा. पन्नास वर्षं जग त्या कोड्याला तीन पुरुषांच्या नावाने ओळखत होतं. २००८ मध्ये एका फ्रेंच शास्त्रज्ञाने तिचं नाव जोडा असं लिहिलं, तेव्हापासून काही जण जोडतात.

म्हणजे विचार करणारा तो शास्त्रज्ञ आणि ते चालवून दाखवणारी ती मदतनीस. स्वयंपाकघरापासून ही विभागणी आपल्याला पाठ आहे.

पुण्याचंही एक सांगते. अॅना मणी १९४८ मध्ये इथल्या हवामान खात्यात आल्या आणि देशात हवामानाची उपकरणं तयार व्हायला लागली त्यात त्यांचा मोठा वाटा. त्याआधी रामन यांच्या प्रयोगशाळेत हिऱ्यांवर काम करून त्यांनी १९४५ मध्ये प्रबंध दिला होता. एम.एस्सी. नाही म्हणून मद्रास विद्यापीठाने पीएच.डी. दिली नाही. काम होतं, कागद नव्हता.

आज कागद मिळतो. नियमही आहेत, आणि ते आपण माहीत करून घेतले पाहिजेत, कारण उद्या यातली एखादी मुलगी आपल्या केंद्रावर येईल. यूजीसीच्या २०१६ च्या नियमांपासून पीएच.डी. करणाऱ्या बाईला बाळंतपण किंवा मुलाच्या संगोपनासाठी एकदा २४० दिवसांपर्यंत रजा आहे, आणि पीएच.डी. पुरी करायला दोन वर्षं जादा आहेत. पण यूजीसीची फेलोशिप पाच वर्षांची. जादा वर्षांत नोंदणी चालू राहते, खायचं काय? जानेवारी २०२३ पासून ज्युनिअर फेलोला महिना ३७,००० आणि सीनिअरला ४२,००० ठरले आहेत, आणि ते वेळेवर येत नाहीत ही तक्रार त्या दोन दिवसांत मी इतक्यांदा ऐकली की मोजणं सोडून दिलं. पैसे अडकले की मुलगा मित्राकडून उसने घेतो. मुलीला घरून सांगतात, पुरे झालं आता, परत ये.

गाईडकडून त्रास झाला तर? २०१३ चा कायदा आहे, त्यावरचे यूजीसीचे २०१५ चे नियम आहेत, प्रत्येक संस्थेत समिती हवी. मी विचारलं, समितीत कोण आहे हे किती जणींना माहीत आहे? चाळीसेक मुलींत सहा हात वर झाले. इथे आपल्याला काम आहे. गाईडच्या एका सहीवर पाच वर्षं अडकलेली असताना तक्रार कशी करायची, यावर मात्र माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तसं सांगितलं.

शेवटच्या दिवशी मुलींनी मला आवराआवर चालू असताना दहा मिनिटं दिली. मी मेरी त्सिंगूची गोष्ट सांगितली आणि माझी 'श्रीमती अमुक'ची. एका मुलाने विचारलं, सगळ्यांचीच नावं घातली तर किंमत काय राहील? वाद झाला, चांगला झाला. मग कोणीतरी सुचवलं की निदान पोस्टरवर तरी प्रोग्रॅम कोणी लिहिला हे स्वतंत्र ओळीत लिहू. काही जणांना ते पटलं, काही जण "सरांना विचारतो" म्हणाले.

जेवणाच्या रांगेत भेटलेली ती पहिली मुलगी मात्र थांबली नाही. तिचं पोस्टर अजून भिंतीवर होतं. तिने पेन काढलं, खाली कोपऱ्यात स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, माहेरचं. मग सासूबाईंचा फोन आला आणि ती बाहेर गेली.