चोरी कोणाची, भुर्दंड कोणाला?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

बँकेतल्या खात्यातून परस्पर पैसे गेल्याची हकीकत आज कोणत्याही गावाला नवी राहिलेली नाही. चहाच्या टपरीवर, एस.टी.च्या थांब्यावर, लग्नाच्या मांडवात अशी एखादी हकीकत निघते आणि तिचा शेवट बहुधा एकाच वाक्याने होतो : "पण त्याने ओटीपी दिलाच कसा?" ऐकणारे मान डोलावतात आणि विषय मिटतो. जो फसला तो भोळा, लोभी किंवा अडाणी असला पाहिजे, असा त्या मान डोलावण्याचा अर्थ असतो. विशेष म्हणजे फसलेला माणूसही हे मत मनोमन मान्य करतो. लाजेने तो घरात सांगत नाही, मग पोलिसांत आणि बँकेत जाणे दूरच राहिले.

आजचा विषय हे मत आहे. वरकरणी ते व्यवहारी शहाणपणाचे वाटते. परंतु त्याच्या पोटात एक मोठा आर्थिक निर्णय दडलेला आहे. नुकसान कोणी सोसावयाचे, हा तो निर्णय. आणि तो सामान्य ग्राहकाला न विचारता त्याच्याविरुद्ध घेतला गेला आहे.

प्रथम या नुकसानीचा आकार ध्यानात घ्यावा. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार सायबर फसवणुकीत नागरिकांनी २०२३ साली सुमारे ७,४६५ कोटी रुपये गमावले आणि २०२४ साली सुमारे २२,८४५ कोटी. एका वर्षात ही रक्कम तिपटीहून अधिक झाली. एका वर्षात देशातील माणसे तिप्पट भोळी झाली, असे कोणी म्हणणार नाही. तेव्हा कारण माणसांच्या स्वभावात न शोधता व्यवस्थेच्या रचनेत शोधावयास हवे.

यंत्राचे कुंपण

कामगार चळवळीत वाढलेल्या कार्यकर्त्याला हा वाद अपरिचित नाही. गिरणीत मजुराचा हात पट्ट्यात सापडला, तर मालकाचा पहिला सवाल असे : "हा लक्ष देऊन का काम करीत नव्हता?" इंग्लंडमधील न्यायालयांनीही दीर्घकाळ हाच युक्तिवाद उचलून धरला होता. मजुराचा स्वतःचा निष्काळजीपणा असेल, किंवा शेजारच्या मजुराच्या चुकीने अपघात झाला असेल, तर मालक मोकळा. हा युक्तिवाद मोडून काढण्यास पिढ्यान् पिढ्या झगडावे लागले. आपल्या देशात १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने मालकाची चूक सिद्ध करण्याची अट न घालता कामावरील अपघाताची भरपाई त्याच्यावर टाकली. १९४८ च्या कारखाने कायद्याने यंत्राच्या धोकादायक भागांना कुंपण घालण्याचे बंधन घातले. भरपाई खिशातून द्यावी लागू लागली, तेव्हा कुंपण घालणे मालकालाच स्वस्त वाटू लागले. मजुराने सावध राहावे हे खरेच. परंतु आठ-दहा तास यंत्रापुढे उभा असलेला माणूस केव्हातरी चुकणार, हे गृहीत धरूनच यंत्राची रचना केली पाहिजे, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले.

आज पैशाच्या व्यवहाराचे यंत्र प्रत्येकाच्या हातात आले आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये यूपीआयवरील एका महिन्यातील व्यवहारांनी दोन हजार कोटींचा टप्पा ओलांडला. भाजीवाली, रिक्षावाला, फुलविक्या या सर्वांना त्याची सोय झाली आहे, आणि ती नाकारण्यात पुरोगामीपणा नाही. परंतु या यंत्राचा वापर पूर्णपणे ऐच्छिक आहे, असे म्हणणेही खरे नाही. 'लाडकी बहीण' योजनेचे २०२४ साली सुरू झालेले दरमहा १,५०० रुपये आधाराशी जोडलेल्या खात्यातच येतात. शिष्यवृत्ती, निवृत्तिवेतन, शेतीचे अनुदान यांचीही तीच वाट आहे. ज्या स्त्रीने आयुष्यात कधी बँकेची पायरी चढली नव्हती, तिला राज्यसंस्थेने या यंत्रापुढे आणून उभे केले आहे. मग त्या यंत्राचे कुंपण घालावयाचे कोणी?

या प्रश्नाला आजवर मिळालेले मुख्य उत्तर "सावध राहा" हे आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून 'डिजिटल अटक' या प्रकाराविषयी सावधगिरीचा सल्ला दिला. पुढे कित्येक महिने देशभर फोन लावण्यापूर्वी अमिताभ बच्चन यांच्या आवाजातील इशारा ऐकावा लागे. सल्ला वाईट नव्हता. परंतु सल्ल्याने कुंपणाचे काम होत नाही. याचे एक उदाहरण डोळ्यांपुढचे आहे. यूपीआयमध्ये एका व्यक्तीने दुसरीकडे पैशांची मागणी पाठविण्याची सोय होती. भामटे मागणी पाठवीत आणि "पैसे मिळण्यासाठी पिन टाका" असे सांगत. "पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही" असे बँका वर्षानुवर्षे सांगत राहिल्या आणि लोक फसत राहिले. अखेरीस राष्ट्रीय देयक महामंडळाने १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्ती-व्यक्तींमधील ही सोयच बंद केली. वर्षानुवर्षांच्या उपदेशाने जे दार बंद झाले नाही, ते रचनेतील एका बदलाने बंद झाले. ते आधी का झाले नाही, याचे उत्तर साधे आहे : उशिराची किंमत ज्याच्या हाती रचना आहे त्याला मोजावी लागत नव्हती.

चोरीच्या वाटेवरील पहारेकरी

फसवणुकीचा पैसा हवेत विरत नाही, हेही नीट समजून घेतले पाहिजे. तो एका बँकेच्या खात्यातून निघतो आणि दुसऱ्या बँकेच्या खात्यात उतरतो. ते दुसरे खाते कोणी तरी उघडून दिलेले असते, आणि तेही ओळखपत्रे तपासून. बेकार तरुणाला चार पैसे देऊन त्याच्या नावाचे खाते भाड्याने घ्यावयाचे, त्यात लाखो रुपये उतरवावयाचे आणि तासाभरात पुढे पाठवावयाचे, ही आता ठरलेली रीत आहे. भामट्याने ज्या सिमकार्डावरून फोन केला, तेही कोणत्या तरी कंपनीने विकलेले असते. म्हणजे प्रत्येक चोरीच्या वाटेवर निदान तीन पहारेकरी होते : पैसे सोडणारी बँक, पैसे स्वीकारणारी बँक आणि दूरसंचार कंपनी. तिघेही मोबदला घेणारे आणि साधनसंपन्न. तरीही "कोण झोपला होता?" हा प्रश्न फक्त घरमालकाला विचारला जातो. १ डिसेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'डिजिटल अटके'च्या प्रकरणांचा तपास सीबीआयकडे सोपविताना, अशा खात्यांमागील बँक अधिकाऱ्यांचा हातही तपासण्यास सांगितले, ही या दृष्टीने महत्त्वाची घटना होय.

अंगठ्याच्या ठशावर पैसे देणाऱ्या व्यवस्थेत तर "ओटीपी का दिला" हे विचारण्याचीही सोय नाही. तेथे ओटीपी नसतोच. जमिनीच्या नोंदणीकृत दस्तऐवजांवरील ठसे उतरवून त्यांच्या रबरी प्रतिकृतींनी पैसे काढल्याचे गुन्हे पोलिसांनी उघडकीस आणले आहेत. ठसा दस्तऐवजावर घेतला सरकारने, दस्तऐवज संकेतस्थळावर ठेवला सरकारने, ठशाला किल्लीचे स्थान दिले तेही सरकारने. शेतकऱ्याने यात कोणता निष्काळजीपणा केला? कुलूप बदलता येते. अंगठा कसा बदलावयाचा?

आता याच्या शेजारी दुसरी एक चोरी ठेवून पाहावी. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या संगणकयंत्रणेत शिरून चोरट्यांनी अठ्ठावीस देशांतील एटीएम यंत्रांतून आणि परदेशी हस्तांतरातून सुमारे ९४ कोटी रुपये लांबविले. त्या वेळी बँकेला कोणी भोळी अथवा अडाणी म्हटले नाही. हा संघटित आंतरराष्ट्रीय गुन्हा आहे, असे सर्वांनी मानले, आणि ते योग्यच होते. मग अशाच संघटित टोळीने एखाद्या निवृत्त कारकुनाचे ९४ हजार नेले, तर तो त्याचा व्यक्तिगत मूर्खपणा कसा ठरतो? यंत्रणा सांभाळण्यासाठी तज्ज्ञांची फौज बाळगणारी बँक जेथे फसते, तेथे एकट्या माणसाकडून अचूकतेची अपेक्षा करणे हा न्याय नव्हे.

जबाबदारी आणि सुरक्षितता

येथे अर्थशास्त्राचा एक साधा नियम लागू पडतो. धोका टाळण्याची ताकद ज्याच्याकडे आहे, त्याच्यावर नुकसानीचा भार टाकला तर धोका कमी होतो; ताकद नसलेल्यावर टाकला तर तो वाढत जातो. याचा पडताळा जगाने घेतला आहे. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने परस्पर झालेल्या इलेक्ट्रॉनिक व्यवहारांत ग्राहकाचा तोटा, त्याने दोन कामकाजाच्या दिवसांत कळविल्यास, ५० डॉलरपुरता मर्यादित केला. ब्रिटनमधील बँका त्या काळी "आमची यंत्रणा चुकूच शकत नाही" असे सांगून ग्राहकालाच खोटे पाडीत. तेथे तर एटीएममधून पैसे गेल्याची तक्रार करणाऱ्या एका पोलीस शिपायालाच फसवणुकीच्या प्रयत्नाबद्दल शिक्षा झाली. १९९६ साली अपिलात तो निर्दोष सुटला. केंब्रिजचे संगणकशास्त्रज्ञ रॉस अँडरसन यांनी दोन्ही देशांची तुलना करून दाखविले की, जबाबदारी अंगावर असलेल्या अमेरिकन बँकांनी सुरक्षिततेवर कमी खर्च करूनही तो अधिक परिणामकारक केला. जबाबदारी टळलेल्या ब्रिटिश बँका बेफिकीर झाल्या. त्याच ब्रिटनने पुढे धडा घेतला. ७ ऑक्टोबर २०२४ पासून, ग्राहकाने फसून स्वतःच्या हाताने पाठविलेले पैसेसुद्धा ८५,००० पौंडांच्या मर्यादेपर्यंत परत देण्याचे बंधन तेथे घालण्यात आले, आणि हा भार पाठविणाऱ्या व स्वीकारणाऱ्या संस्थांनी निम्मा-निम्मा उचलावयाचा आहे. स्वीकारणाऱ्या बँकेला भाड्याच्या खात्यांची किंमत मोजावी लागू लागली, हे त्यातील मर्म.

आपल्याकडेही पाया घातला गेला आहे. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने असे ठरवून दिले की, बँकेचा किंवा ग्राहकाचा दोष नसता तिसऱ्या ठिकाणच्या त्रुटीमुळे पैसे गेले आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळविले, तर त्याची जबाबदारी शून्य. रक्कम दहा कामकाजाच्या दिवसांत खात्यावर दाखवावयाची. आणि ग्राहकाचा दोष सिद्ध करण्याचा भार बँकेवर. परंतु ग्राहकाने गुप्त क्रमांक सांगितला असेल, तर कळविण्याच्या क्षणापर्यंतचे नुकसान त्याचे. या एका कलमाच्या खिडकीतून सारा नियम बाहेर टाकला जातो. तरीही झगडणाऱ्याला यश मिळते. आसाममधील एका ग्राहकाचे सुमारे ९४ हजार रुपये गेले. त्याने चोवीस तासांत कळविले होते. स्टेट बँकेने त्याच्यावर ठपका ठेवला. तो गुवाहाटी उच्च न्यायालयात जिंकला आणि जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बँकेची याचिका फेटाळली. पण आपल्याच पैशांसाठी किती जण दिल्लीपर्यंत लढू शकतील?

आक्षेप आणि कार्यक्रम

भरपाई मिळू लागली तर लोक बेपर्वा होतील, खोट्या तक्रारी करतील, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच पोकळ नाही. परंतु त्यावर उपाय आहेत. भरपाईला मर्यादा घालता येते, थोडा वाटा ग्राहकाकडे ठेवता येतो, खोट्या तक्रारीला शिक्षा करता येते. दुसरा आक्षेप अधिक विचारार्ह आहे : मोठ्या बँका हा भार सोसतील, पण जिल्ह्याजिल्ह्यांतील लहान नागरी सहकारी बँका त्याखाली चिरडतील. महाराष्ट्रात हा प्रश्न टाळून चालणार नाही. त्यावरचा मार्ग सामूहिक निधीचा आहे. बँक बुडाली तर २०२० पासून पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विम्याचे संरक्षण आहे, आणि त्याचा हप्ता सर्व बँका भरतात. तेच तत्त्व फसवणुकीला लावता येईल. हप्ता मात्र ज्या बँकेत भाड्याची खाती अधिक सापडतील तिला जड असावा. छोट्या यूपीआय व्यवहारांसाठी सरकारने २०२४-२५ या वर्षाकरिता सुमारे १,५०० कोटींचे प्रोत्साहन मंजूर केले होते. जनतेचा पैसा जेथे जातो, तेथे जनतेच्या सुरक्षिततेची अट घालता आलीच पाहिजे.

मित्रहो, १९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी महागाईविरोधी समिती उभारली आणि पुढे लाटणी घेतलेल्या बाया रस्त्यावर उतरल्या. तोवर घरखर्च भागत नसेल तर तो गृहिणीच्या काटकसरीचा दोष मानला जाई. तेल, साखर आणि रॉकेल यांचा तुटवडा हा राजकीय प्रश्न आहे, हे त्या मोर्चांनी सिद्ध केले. आज खात्यातून गेलेल्या पैशांबाबत तेच काम करावयाचे आहे.

त्याची सुरुवात लहान आहे. प्रत्येक शाखेने आठवड्यातून एक दिवस तक्रार-मदत केंद्र चालवावे. फसलेल्या माणसाला "कसा फसलास?" हे विचारण्याआधी १९३० या क्रमांकावर फोन लावून द्यावा, त्याच दिवशी बँकेला लेखी तक्रार देऊन तारखेसह पोच घ्यावी. बँकेने दोष ग्राहकावर ढकलला, तर पुरावा लेखी मागावा. बँकेची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येते, म्हणून जिल्हा आयोगाचे दारही ठोठावावे. महिन्याकाठी किती तक्रारी आल्या, किती पैसे परत मिळाले, कोणत्या बँकांत चोरीचा पैसा उतरला, याचा तक्ता शाखेच्या फळ्यावर लावावा आणि तो आमदार-खासदारांपुढे ठेवावा. मागणी एकच असावी : ज्याच्या हाती यंत्र, त्याच्यावर कुंपणाची आणि भरपाईची जबाबदारी. टपरीवर पुन्हा तो प्रश्न निघाला, म्हणजे कार्यकर्त्याने शांतपणे दुसरा प्रश्न पुढे करावा : "ओटीपी याने दिला, पण ते पैसे उतरवून घेणारे खाते कोणी दिले?"