समुद्रातल्या जिवांची मोजदाद
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



समुद्र आपल्या खानदेशापासून फार दूर. जळगाव-धुळ्याकडच्या कितीतरी बायकांनी तो अजून डोळ्यांनी पाहिलेला नाही. तरी आठवड्याच्या बाजारातले सुकट-बोंबील तिकडूनच येतात. आपल्या कपाशीवर पडणाऱ्या पावसात अरबी समुद्राचे पाणी असते. आणि धुळ्याची पांझरा, जळगावची गिरणा, दोघी तापीला मिळून सुरतेकडे त्याच समुद्राला जातात. म्हणून समुद्रातल्या जिवांची मोजदाद कशी करतात, हे आज सांगावे असे मनात आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा जेवढे उमगले तेवढेच सांगते.

कणगीत धान्य किती उरले हे आपण हात घालून पाहतो. समुद्रात हात कुठवर पोचणार? नजरही पोचत नाही, कारण खोल पाण्यात उजेड मावळतो. पण आवाज पोचतो. हवेत तो सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, तर समुद्राच्या पाण्यात सुमारे 1500 मीटर. विहिरीत हाक मारली की ती घुमून परत येते ना, तोच हा प्रकार. जहाजाच्या तळाला बसवलेले यंत्र खाली आवाज सोडते आणि तो परत येईपर्यंतचा वेळ मोजते. दोन सेकंदांनी परत आला, तर जाऊन-येऊन 3000 मीटर झाले. म्हणजे खोली 1500 मीटर. ह्या यंत्राला सोनार म्हणतात. आपल्या दागिने घडवणाऱ्या सोनाराशी त्याचा काही संबंध नाही, बरे का!

आता मासा कसा कळतो? मासा चिरताना पोटातला हवेचा फुगा पुष्कळींनी पाहिला असेल. पाण्यातून जाणारा आवाज अशा हवेवर आदळला की जोराने परत फिरतो. थवा दाट असेल तर प्रतिध्वनी मोठा, विरळ असेल तर लहान. त्यावरून थव्याचा अंदाज बांधतात.

ह्यातून एक मोठी नवलाची गोष्ट उघडकीस आली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जहाजांवरच्या यंत्रांना काहीशे मीटरवर समुद्राचा तळ लागल्यासारखे दिसे. पण हा तळ दिवस मावळला की वर सरके आणि उजाडताना पुन्हा खाली जाई! तो तळ नव्हताच. बोटाएवढे मासे, कोळंबीसारखे असंख्य जीव रात्री वर चरायला येत होते आणि दिवसा शत्रूच्या भीतीने अंधारात लपत होते. जगातल्या बहुतेक महासागरांत रोज ही ये-जा चालते. आपल्या अरबी समुद्रातही चालते.

आपल्या देशात हे काम केव्हा सुरू झाले? मुंबईत 1946 साली खोल समुद्रातील मासेमारीचे सरकारी केंद्र निघाले. तेच आज भारतीय मत्स्य सर्वेक्षण म्हणून ओळखले जाते. पुढे हिंदी महासागराची आंतरराष्ट्रीय मोहीम झाली. ती 1965 साली संपली. तीत अनेक देशांची चाळीसहून अधिक जहाजे होती. आपल्या नौदलाचे ‘कृष्णा’ हे जहाजही होते. त्या मोहिमेतूनच 1966 साली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था जन्मली. तिचे मुख्य ठाणे गोव्यात दोना पावला येथे आहे. 1984 साली डेन्मार्कमध्ये बांधलेले ‘सागर संपदा’ हे सुमारे 71 मीटर लांबीचे जहाज आपल्याकडे आले. मासे आणि समुद्राचे पाणी, दोन्हींची पाहणी करण्यासाठीच ते बांधले होते.

असे जहाज मनाला येईल तिकडे फिरत नाही. शेतात तिफण जशी ओळीने चालते, तसे ते समुद्रावर समांतर रेघांनी जाते. निघण्यापूर्वी यंत्र तपासतात. त्यासाठी धातूचा एक गोळा जहाजाखाली दोरीने टांगतात. त्या गोळ्याचा प्रतिध्वनी किती यायला हवा हे आधीच ठाऊक असते. वाण्याची तागडी खऱ्या वजनाने तपासावी, तसेच हे.

पण नुसता आवाज माशाची जात सांगत नाही. म्हणून मध्येमध्ये जाळे टाकून मासे वर काढतात, जात ओळखतात, लांबी-वजन लिहितात. शितावरून भाताची परीक्षा! बारीक जाळीने प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, गोळा करतात. कारण लहान मासे तेच खातात. बाटल्या खाली सोडून निरनिराळ्या खोलीचे पाणी आणतात आणि त्याची उष्णता, खारटपणा व त्यातला प्राणवायू पाहतात. अरबी समुद्रात सुमारे 150 ते 1000 मीटरच्या दरम्यान प्राणवायू फारच थोडा असतो. ते पाणी किनाऱ्याजवळ वर आले, तर मासे तेथून निघून जातात किंवा मरतात. म्हणजे मासे कमी का झाले हे कळायला पाणीही तपासावे लागते.

भगिनींनो, ह्या सगळ्या खटाटोपाचे मोल आपल्याइतके कोणाला कळावे? आपल्या यावल-रावेरकडे केळीसाठी पाणी उपसता उपसता विहिरी आटल्या आणि बोअर शेकडो फूट खाली गेले. जमिनीखाली किती पाणी आहे, हे मोजण्याआधी ते काढण्याचे यंत्र आले. समुद्रावरही तीच गत आहे. आवाजाने मासा शोधणारे यंत्र आता मासेमारीच्या बोटींवरही असते. त्याच यंत्राने मोजता येते आणि त्यानेच थवा गाठून समुद्र रिकामाही करता येतो. किती आहे हे आधी मोजावे, मग किती काढायचे ते ठरवावे. हा संसाराचा साधा नियम समुद्रालाही लागू आहे. आपल्या राज्याने 2023 साली पापलेटला राज्यमासा ठरवले, ते तो कमी होत चालला म्हणूनच. जून-जुलैत मासेमारी बंद ठेवतात, तीही विणीच्या माशांना उसंत मिळावी म्हणून.

हे पुरुषांचेच काम आहे, असेही कोणी समजू नये. नागपुरात जन्मलेल्या डॉ. अदिती पंत ह्यांनी गोव्याच्या त्याच संस्थेत राहून समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींचा अभ्यास केला. 1983 साली निघालेल्या भारतीय मोहिमेतून त्या अंटार्क्टिकाला गेल्या. तिकडे जाणाऱ्या पहिल्या दोन भारतीय स्त्रियांपैकी त्या एक होत्या. नागपूरला तरी समुद्र कुठे आहे? आपल्याही एखाद्या मुलीने उद्या ‘मला समुद्राचे शास्त्र शिकायचे आहे’ असे म्हटले, तर तिला हसू नका.

आपल्या हातून होण्याजोगे कामही सांगते. बाजारात बोटभर पिल्लांचा वाटा स्वस्त दिसला तरी घेऊ नये. आणि घरातली प्लास्टिकची पिशवी पांझरेत किंवा गिरणेत टाकू नये. पुरात वाहत ती कुठे जाते, ते आता आपल्याला ठाऊक झाले आहे.