नवी वही, जुनी बाकी

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मला आज विषय दिला आहे तो संगणकाचा. मी काही अभियंता नव्हे, बी.ए., बी.एड. झालेला भाषेचा शिक्षक आहे. परंतु एक चूक माझ्या हातून घडली आणि तिची किंमत मी मोजली, एवढ्यापुरता बोलण्याचा अधिकार मला आहे असे समजतो.

माझे अब्बा इतवारीत धान्याच्या एका दुकानात हिशेब लिहीत. नवे वर्ष लागले की नवी वही उघडायची, जुन्या वहीतली एकेक बाकी तिच्यात ओढायची आणि बेरीज ताडून पाहायची. बेरीज जुळेपर्यंत जुनी वही नजरेआड होऊ द्यायची नाही, हा त्यांचा शिरस्ता. पुढे म्हातारपणी ते आपल्या आठवणी सांगत आणि मी रात्री त्या संगणकावर उतरवून घेई. दोन वर्षांत सव्वाशे पाने झाली. मग अब्बा गेले.

काही महिन्यांनी मी नवा संगणक घेतला. आठवणींची राखीव प्रत, म्हणजे बॅकअप, पेन ड्राइव्हवर होतीच. तेव्हा जुना संगणक मी निर्धास्तपणे भंगारवाल्याला देऊन टाकला. नव्यावर प्रत उघडली, तो मराठीचे एक अक्षर दिसेना! पानेच्या पाने नुसती इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे.

असे का झाले? मी मजकूर 'कृतिदेव' या जुन्या फॉन्टमध्ये टंकला होता. अशा फॉन्टमध्ये फाइलीत प्रत्यक्षात साठतात ती इंग्रजी अक्षरेच. फॉन्ट त्यांना देवनागरीचा पोशाख चढवतो. 'भारत' हा शब्द तेथे एच, के, के, जे, आर असा साठलेला असतो. फॉन्ट नसला की पोशाख उतरतो. युनिकोडमध्ये मात्र प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी आणि अरबी या दोन्ही लिप्या त्यात आहेत. आपल्याकडे उर्दू मजकूर पुष्कळदा 'इनपेज'मध्ये असतो. त्याची जुनी फाइल त्या प्रोग्रामशिवाय सहसा वाचता येत नाही. म्हणजे प्रत शाबूत असूनही माणूस निरक्षर ठरतो.

एका सहकाऱ्याकडून फॉन्ट मिळाला आणि अब्बांचे शब्द परत दिसले. परंतु प्रत दिवाळीतली होती. त्यानंतर अब्बांनी सांगितलेली शेवटची अकरा पाने तीत नव्हती. ती जुन्या संगणकाबरोबर गेली. ती माझ्या आळसाने गेली, यंत्राचा दोष नाही.

अशी फजिती मोठमोठ्यांचीही झाली आहे. १९९८ साली अमेरिकेतील पिक्सार कंपनीत 'टॉय स्टोरी २' हा चित्रपट तयार होत असताना एका चुकीच्या आज्ञेने त्याच्या बहुतेक फाइली पुसल्या गेल्या. राखीव प्रती काढल्या, तर त्या बरोबर नव्हत्या. कोणी त्या तपासल्याच नव्हत्या. गॅलिन सुसमन या तंत्रज्ञ बाई बाळंतपणामुळे घरून काम करीत असत. त्यांच्या घरच्या संगणकावरील प्रतीने चित्रपट वाचला.

१४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-सुधारणा थांबली. त्यामुळे अनेक घरांत नवा संगणक येत आहे. तेव्हा पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट, यादी करा. कागदपत्रे, छायाचित्रे, गुणपत्रके, दुकानाचा हिशेब, आणि ते ज्या प्रोग्रामात व फॉन्टमध्ये आहेत त्यांची नावे. हिशेबाच्या प्रोग्रामचा बॅकअप त्या प्रोग्राममधूनच घ्यावा. फॉन्ट विंडोजच्या 'फॉन्ट्स' फोल्डरात असतात. तेही बरोबर घ्या.

दुसरी गोष्ट, बॅकअप स्थलांतराच्या दिवशी ताजा घ्या आणि 'कट' न करता 'कॉपी' करा.

तिसरी गोष्ट, नव्या संगणकावर फाइलींची संख्या ताडून पाहा. मग सर्वांत जुनी, सर्वांत नवी, एक मराठी आणि एक उर्दू अशा फाइली प्रत्यक्ष उघडून वाचा. महत्त्वाच्या मजकुराची पीडीएफही करून ठेवा.

चौथी गोष्ट, महिनाभर जुन्या संगणकाला हात लावू नका. नंतर विकायचा झाल्यास आधार, पॅन यांच्या प्रती आत राहू न देता डिस्क पूर्ण पुसून घ्या.

आणि एक प्रत घराबाहेर ठेवा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचे पाणी आपल्याच नागपुरात घराघरांत शिरले, हे आपण विसरलेलो नाही. संगणक आणि बॅकअपची डिस्क एकाच टेबलावर असतील, तर पाणी दोहोंत फरक करीत नाही. एक प्रत नातेवाइकांकडे किंवा इंटरनेटवरील साठ्यात असावी.

विद्यार्थी मित्रहो, हे काम घरात तुम्हीच करू शकता. आज घरी गेल्यावर वडिलांच्या, आजीच्या एखाद्या जुन्या फाइलीची प्रत उघडून पाहा. उघडली तरच ती प्रत आहे, असे समजा. अब्बा मला हेच दरवर्षी दाखवीत होते; बेरीज जुळल्यावाचून जुनी वही ठेवून द्यायची नाही. मी ते पाहिले होते, शिकलो मात्र उशिरा.