अंबानगरीत आपलं स्वागत

दिव्यांगांच्या या परिषदेला कोणी चाकाच्या खुर्चीवर, कोणी कुबड्यांवर, कोणी लेकराला कडेवर घेऊन इथवर आलेले माझे सारे पाहुणे, अमरावतीकरांच्या वतीने आपणा सर्वांचं मनापासून स्वागत.

या गावात स्वागताध्यक्ष होणं सोपं नाही. १८९७ साली राष्ट्रसभेचं, म्हणजे काँग्रेसचं, अधिवेशन इथे भरलं. शंकरन नायर अध्यक्ष होते आणि स्वागताध्यक्ष होते आमचे दादासाहेब खापर्डे. तोच शब्द आज माझ्या नावापुढे लागला आहे, त्याचं दडपण आहे.

आपण पहिल्यांदा आला असाल तर अंबादेवीचं दर्शन घेतल्याशिवाय जाऊ नका. रुक्मिणीचं हरण याच देवळातून झालं, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. जुन्या परकोटाच्या वेशी बघा. १९१४ साली सुरू झालेलं आमचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ बघा. १९३६ साली तिथल्या मुलांनी बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी कबड्डी खेळून दाखवली होती. गाडगेबाबांची समाधी इथेच आहे. आणि तपोवन! कुष्ठरोग्याला घरचे दाराबाहेर काढत होते, त्या काळात, १९४६ साली, डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी त्याच्यासाठी वसाहत उभी केली. कुष्ठरोगमुक्त माणूस आज दिव्यांगांच्या कायद्यात आहे. पण कायद्याच्या कितीतरी आधी तो आमच्या गावात होता.

पण मला आज सर्वांत जास्त बोलायचं आहे ते गुलाबराव महाराजांविषयी. विदर्भाबाहेर त्यांचं नाव फार थोड्यांना ठाऊक असतं, याची मला खंत आहे. मूळ गाव याच जिल्ह्यातलं माधान, जन्म १८८१ सालचा, आजोळी लोणी टाकळीला. वर्षाचं होण्याआधीच त्यांची दृष्टी गेली. आई लहानपणीच गेली. शाळा नाही, ब्रेल नाही, भोवती शेतकऱ्यांचं खेडं. आणि या माणसाने अवघ्या चौतीस वर्षांच्या आयुष्यात शंभराहून अधिक ग्रंथ रचले! स्वतःला ज्ञानेश्वरकन्या म्हणवून घेतलं, वेदान्त सांगितला, डार्विन आणि स्पेन्सर यांच्या मतांचाही परामर्श घेतला. १९१५ साली ते गेले. लोकांनी त्यांना प्रज्ञाचक्षू म्हटलं, ते योग्यच आहे. मला मात्र नेहमी त्यांच्याजवळ बसलेली माणसं आठवतात. कोणीतरी त्यांना पोथी वाचून दाखवत होतं. ते बोलत होते आणि कोणीतरी ते उतरवून घेत होतं. त्या लिहिणाऱ्यांची नावं आपण विसरलो. ती माणसं नसती तर महाराजांची प्रज्ञा माधानच्या शिवेपलीकडे गेली असती का?

या परिषदेत मला हेच मांडायचं आहे. आज अंध विद्यार्थ्याला परीक्षेत लेखनिक मिळतो, तासाला वीस मिनिटं जादा मिळतात. तो त्याचा हक्क झाला. पण योजनेचा अर्ज भरताना त्याचा लेखनिक कोण? योजना काही कमी नाहीत. २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकारची दिव्यांगता आहे, सरकारी नोकरीत चार टक्के आरक्षण आहे. वैश्विक ओळखपत्र आहे, संजय गांधी निराधार अनुदान आहे, एसटीत पंचाहत्तर टक्के सवलत आहे. बौद्धिक दिव्यांगता, स्वमग्नता किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्यांसाठी लाखापर्यंतचा निरामय आरोग्य विमा आहे. दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा पाच टक्के निधी ग्रामपंचायतीकडेही असतो, हे तर पुष्कळांच्या गावीही नसतं. महाराष्ट्राने २०२२ साली दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभागच काढला.

माझा पुतण्या जन्मापासून कर्णबधिर आहे. त्याच्या प्रमाणपत्रासाठी माझ्या भावाने एका कार्यालयात सहा चकरा मारल्या. दर वेळी नवा कागद सांगितला गेला. सहाव्या खेपेला रांगेतल्याच एका अनोळखी बाईने त्याला सगळे कागद एका चिठ्ठीवर लिहून दिले आणि काम झालं. आम्ही शहरात राहणारी, शिकलेली माणसं. धारणीहून घाट उतरून येणाऱ्या, कोरकू बोलणाऱ्या आईने काय करायचं? तिची त्या दिवसाची मजुरी बुडते, एसटीचं भाडं लागतं, आणि खिडकीवर कळतं की आज डॉक्टर बसत नाहीत. प्रत्येक तालुक्याला अशी चिठ्ठी लिहून देणारी चार माणसं नेमा, एवढा एक ठराव या परिषदेने करावा, अशी माझी विनंती आहे.

आता व्यवस्थेबद्दल. आमच्याकडून उणिवा राहिल्या आहेत आणि त्यांबद्दल मी हात जोडून क्षमा मागतो. दाराशी केलेला उतार आधी फार खडा झाला होता. बारा फुटांना एक फूट चढ हे माप आम्हाला उशिरा कळलं. परवा तो फोडून पुन्हा बांधला, त्यामुळे कडेचं सिमेंट अजून ओलसर आहे. कृपया मधून चला. सांकेतिक भाषेचे दुभाषे दोनच मिळाले. निवासाच्या एका इमारतीला लिफ्ट नाही. तिथे वरच्या मजल्यावर कोणाची सोय झाली असेल तर लगेच सांगा, खोली बदलून देऊ. बडनेऱ्याला पहाटेच्या गाडीने उतरलेल्यांना थंडीत ताटकळावं लागलं, ते माझ्या मनाला लागलं आहे.

देणगीदारांचे उपकार कसे फेडू? धान्य बाजारातल्या अडत्यांनी दोन्ही दिवसांचं जेवण उचललं. कापडाच्या व्यापाऱ्यांनी चादरी दिल्या. वरुड-मोर्शीच्या बागायतदारांनी संत्र्यांच्या पेट्या पाठवल्या. राजापेठेतल्या एका आजींनी पेन्शनमधले पाचशे रुपये आणून दिले आणि पावतीवर नाव घालू दिलं नाही. मंडपवाले, ऑटोवाले, सफाई कामगार, महाविद्यालयाची मुलं, साऱ्यांचा मी ऋणी आहे. संध्याकाळी गिला वडा आहे. तिखट बेताचं ठेवायला सांगितलं आहे.

एक राहिलं. मंडपाच्या डाव्या हाताला चार टेबलं मांडली आहेत. तिथे आमचे विद्यार्थी अर्ज लिहून द्यायला बसले आहेत, त्यांतली एक मुलगी कोरकू बोलते. आधार कार्ड, फोटो आणि जवळ असतील ते दवाखान्याचे कागद घेऊन जा. उद्या पाच वाजेपर्यंत हे विद्यार्थी तिथेच आहेत.