रंग एका दुपारी लागतो, घासायला चार रविवार जातात

(पॉडकास्टच्या भागाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज बराचसा तसाच ठेवलाय.)

कोणी बसमध्ये हेडफोन लावून ऐकत असेल, कोणी भांडी घासता घासता. भांडी घासणाऱ्यांनो, आजचा भाग खास तुमचा, कारण आज घासण्याबद्दलच बोलायचंय. गाडी घरी रंगवायची असेल तर आधी ती तयार कशी करायची. आणि हे मी शहाणपणातून सांगत नाहीये, माती खाल्ली होती त्यातून सांगतेय.

आमच्याकडे बाबांची पांढरी मारुती ८०० आहे. १९८३ मध्ये आली आणि २०१४ मध्ये बनायची बंद झाली, तीच. बाबांनी सेकंड हॅन्ड घेतली होती. आम्ही रत्नागिरीचे, म्हणजे चार महिने धो धो पाऊस आणि बाराही महिने खारं वारं. ड्रायव्हरच्या दाराखाली रंगाला फोड आले होते, मागच्या चाकावर तांबडे डाग. गॅरेजमध्ये सांगितलेला आकडा ऐकून बाबा म्हणाले, "राहू दे, चालतेय ना." मला वाटलं, आपणच करू. बाबा गावाला गेलेले, सरप्राइज देऊ.

तीन व्हिडिओ बघितले, स्प्रेचे पाच डबे आणले आणि एकच पॉलिश पेपर, ४०० नंबरचा. फोड वरवर घासले, फडक्याने पुसलं आणि मारला रंग. एका रविवारात काम खतम! बाबा आले, गाडीभोवती दोनदा फिरले. काय खूश झाले होते सांगू.

हे मे महिन्यात. जुलैत फोड परत. ऑगस्टमध्ये नखाने ओढला की रंगाचा पापुद्रा हातात यायला लागला. बाबा काही बोलले नाहीत. फक्त गाडी लावताना ती बाजू भिंतीकडे करून लावायला लागले. ते मला जास्त लागलं.

मग गेले ओळखीच्या एका डेंटर काकांकडे. त्यांनी फोड बघितलेच नाहीत. खाली वाकले, दाराखाली जी लांब पेटीसारखी पट्टी असते ना, डेंटर लोक तिला रनिंग बोर्ड म्हणतात, तिच्यावर स्क्रू ड्रायव्हर टेकवला आणि नुसता दाबला. तो आतच गेला! बाहेर काय आलं, तर जुन्या लांबीचा जाड थर. लांबी म्हणजे पुट्टी. आधीच्या कोणीतरी भोकात लांबी भरून वरून रंग मारला होता. तिथे पत्राच नव्हता.

काका म्हणाले, "काय गो, तू गंजावर रंग लावलास, आणि तुझ्या आधीच्याने भोकावर लांबी. दोघांचं शिक्षण एकच."

हसू आलं, पण मग पोटात गोळाच आला. ती पट्टी शोभेची नसते, गाडीचा सांगाडा तिच्यावर तोललेला असतो. बाजूने धक्का बसला तर माणसाच्या आधी तीच असते. आणि जॅक लावायची जागा तिच्याच काठावर. बाबा पंक्चर झालं की स्वतः चाक बदलतात. मी तिथे छान चकचकीत रंग मारून ठेवला होता.

म्हणून पहिला मुद्दा. घासणं हे गाडी सुंदर करायला नसतं, गाडी खरी कशी आहे ते बघायला असतं. भोक निघालं की लांबी नाही, वेल्डिंग. ते घरी करायचं काम नाही. आम्ही नवीन पत्रा काकांकडून जोडून घेतला. बाकीचं मी केलं, ते आता क्रमाने सांगते.

आधी धुवा, मग घासा

उलटं नाही! गाडीवर मेण, पॉलिश, तेलाचा अंश असतो. तसंच घासलं तर पेपर ते सगळं ओरखड्यांच्या आत दाबतो. मग रंग मारताना गोल गोल खड्डे पडतात, माशाच्या डोळ्यासारखे. म्हणून साबणाने धुवायची, वाळवायची, मग रंगाच्या दुकानात ग्रीस काढायचं जे द्रव मिळतं त्याने पुसायची. दोन फडकी घ्या. एकाने ओलं लावायचं, दुसऱ्याने ते वाळायच्या आत टिपायचं. एकच फडकं फिरवलंत तर तेल इकडचं तिकडे होतं, बाकी काही नाही.

गंज: दिसतो त्याच्या पुढे जा

फोड रुपयाएवढा दिसला तर आत गंज बशीएवढा असू शकतो. तारेचा ब्रश आणि ८० नंबरचा पेपर. चकाकता पत्रा दिसेपर्यंत घासायचं, आणि सगळीकडून चांगला रंग लागेपर्यंत बाहेर सरकत जायचं. काळे ठिपके राहिले असतील तर गंज अजून जिवंत आहे असं समजा.

नंबरांचं गणित

नंबर लहान तितका पेपर खरखरीत. ८० म्हणजे खडबडीत, ६०० म्हणजे मऊ. प्रत्येक पेपरचं काम एकच: आधीच्या पेपरने पाडलेले ओरखडे काढणं. ८० वरून थेट ४०० वर उडी मारलीत तर ८० चे ओरखडे तसेच राहतात. आज दिसत नाहीत. रंग वाळून बसला की महिन्याभराने वर येतात. म्हणून ८०, मग १८०, मग ३२०, असं जिन्यासारखं.

उघडा पत्रा आणि जुना रंग यांच्यामध्ये पायरी असते, ती उतार होईपर्यंत घासायची. आणि मंडळी, इथे डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. डोळे मिटा, तळहात फिरवा. हाताला पायरी लागली तर रंगानंतर ती डोळ्यांना लागणारच.

कडांवर मात्र जपून. कंपनीच्या रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे वहीच्या एक-दोन पानांएवढे. कडेवर दोन हात जास्त फिरले की पत्रा उघडा. मी तर शेजारच्या पॅनलच्या कडांना मास्किंग टेप लावूनच ठेवायचे.

लांबी

उघडा पत्रा रात्रभर ठेवू नका. आमच्याकडच्या हवेत तर सकाळी तांबूस दिसतो. त्याच दिवशी एपॉक्सी प्राइमर. तो वाळला की १८० ने हलकं घासून लांबी.

लांबीत हार्डनर किती? १०० ग्रॅमला २ ते ३ ग्रॅम. लवकर सुकावी म्हणून जास्त घातलात तर वरच्या रंगात डाग उतरतात. एका वेळी लिंबाएवढीच कालवा, कारण काही मिनिटांत ती दगड होते. एक जाड थर देण्यापेक्षा दोन-तीन पातळ थर द्या.

आणि लांबी कोरडीच घासायची! ती पाणी पिते. ओली घासलीत, वर प्राइमर मारलात, की पाणी आत कोंडलं आणि पुढच्या पावसाळ्यात फोड तयार. मला हे आधी कळलं असतं तर!

घासताना पेपर बोटांनी धरू नका. बोटं दाबतात तिथे खोलगट चऱ्या पडतात. रबरी ब्लॉक घ्या, नाहीतर सपाट लाकडाचा तुकडा. तिरकं घासा, मग उलट्या बाजूने तिरकं.

प्राइमर आणि काळी धूळ

लांबीवर प्राइमर मारला, वाळला. आता काकांची युक्ती. काळ्या स्प्रेची अगदी विरळ फवारणी करायची, धूळ बसल्यासारखी. मग ४०० चा वॉटर पेपर. काळं जिथे राहिलं तो खड्डा, जिथे आधी गेलं तो उंचवटा. गाडी स्वतःच दाखवते कुठे चुकलंय. सगळं काळं गेलं की ६००. पेपर आधी दहा-पंधरा मिनिटं पाण्यात भिजवा, पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब. घासताना लांबी उघडी पडली तर पाणी लगेच थांबवा. आणि रंगाआधी गाडी पूर्ण, म्हणजे पूर्ण वाळू द्या.

हे मात्र सोडू नका

घासताना एन-९५ मास्क आणि चष्मा. जुन्या रंगात शिसं असू शकतं. लहान मुलांना लांब ठेवा, धूळ झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा, आणि ते कपडे वेगळे धुवा.

आणि स्प्रे. हार्डनर घालून जो पी.यू. रंग मारतात, त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते श्वासातून गेलं तर दमा जडू शकतो, आणि एकदा जडला की थोड्याशा वासानेही त्रास होतो. एन-९५ ने ते अडत नाही. त्याला बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क लागतो. त्यामुळे तो रंग मी घरी मारला नाही. तयारी माझी, स्प्रे काकांच्या बूथमध्ये. बराचसा खर्च तयारीच्या मजुरीचाच असतो, तो वाचला की झालं. यात कमीपणा काही नाही.

हो, आणि रंगच बदलणार असाल तर आरटीओत नोंद करून आरसीवर तो चढवून घ्या. आमची पांढऱ्याची पांढरीच राहिली.

तर मंडळी, चार रविवार गेले. तिसऱ्या रविवारी बाबा स्टूल घेऊन बाजूला बसले. मी म्हटलं, "बाबा, डोळे मिटा आणि हात फिरवा." त्यांनी दारावरून सावकाश हात फिरवला. एका जागी थांबले. म्हणाले, "इथे अजून आहे."

होतं तिथे. परत घासलं.

आता एक पावसाळा गेलाय. फोड नाहीत. पुढचे किती पावसाळे जातील ते बघू. पण गाडी आता भिंतीकडे तोंड लपवून उभी नसते.

तुम्ही काही घासत असाल, गाडी, सायकल, आजीचं लोखंडी कपाट, तर फोटो पाठवा. रंगानंतरचा नको, घासतानाचा. चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि मास्क लावा!