ज्याचे अंग, त्याची साक्ष



राहुरीकरांना वैशाखात उकाडा समजावून सांगणे म्हणजे माळ्याला रोप ओळखायला शिकविणे होय. ते आम्ही करणार नाही. इमारत थंड ठेवण्यासाठी जी वीज जळते, ती कोणाच्या साक्षीने जळावी, एवढाच आमचा प्रश्न आहे.

आम्ही संघटनेची माणसे. शाळा थोडी झाली. पुढचे शिक्षण कायद्याच्या पुस्तकांनी आणि कामगारांच्या गाऱ्हाण्यांनी केले. 1948 च्या कारखाना कायद्याचे 13 वे कलम आम्ही असेच वाचले. कामाच्या जागेचे तपमान कामगाराला वाजवी सुख देणारे व प्रकृतीला अपाय न करणारे असावे, असे त्यात म्हटले होते. पण सुख झाले की नाही, हे ठरवायचे कोणी? तपमापकाने? तपमापकाला घाम येत नाही.

हवेचे तपमान, दमटपणा, वारा, भिंती-पत्र्यांची धग, अंगावरचे कपडे आणि कामाचे कष्ट, या सहा गोष्टींवर देहाचे सुख अवलंबून असते. तपमापक त्यांतली एक सांगतो. माणूस सहाही एकदम सांगतो.

शास्त्रज्ञांनीही हीच वाट धरली. माधवी इंद्रगंटी यांनी 2008 साली हैदराबादेत घरोघरी रहिवाशांना विचारले. सोयीचे तपमान सुमारे 29 अंश निघाले. राष्ट्रीय बांधकाम संहिता तेव्हा 23 ते 26 सांगत होती! अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातील संशोधकांनी पाच शहरांतील 16 कार्यालयांतून 6,330 जबाब गोळा केले. उघड्या खिडक्यांच्या इमारतीत बाहेरचे सरासरी तपमान एक अंश चढले, की लोकांचे सोयीचे तपमानही सुमारे अर्धा अंश चढते, असे त्यांना दिसले. आणि वातानुकूलन यंत्र एक अंश वर ठेवले तर सुमारे सहा टक्के वीज वाचते, असा ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचा अंदाज आहे.

एका कचेरीत आम्ही भर मे महिन्यात कारकून भगिनींना शाली पांघरून बसलेल्या पाहिले. साहेबांची खोली पश्चिमेची. ती निवावी म्हणून साऱ्या मजल्याला हुडहुडी! अशा ठिकाणी उपाय सोपा आहे. पंधरा दिवस, दिवसातून तीनदा, बिननावाची चिठ्ठी घ्या: फार गार, गार, किंचित गार, ठीक, किंचित गरम, गरम, फार गरम. शेजारी जागा, वेळ आणि तपमान लिहा. मग यंत्राचा आकडा अर्ध्या-अर्ध्या अंशाने वर न्या, पंखे फिरवा, पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून तट्ट्या लावा, आणि पुन्हा विचारा.

चिठ्ठी बिननावाची का? कारण नोकरीची भीती असली की सगळ्यांनाच सगळे 'ठीक' वाटते.

आता एक धोका सांगितला पाहिजे. ‘माणसाला उकाड्याची सवय होते,’ हे वाक्य उद्या मालक आमच्याच तोंडावर फेकेल. त्याला उत्तर असे, की खिडकी उघडता येते, पंखा लावता येतो, कपडे सैल करता येतात, म्हणून ती सवय होते. भट्टीपुढे उभ्या असलेल्याच्या हाती यांतले काय आहे? तेथे चिठ्ठी नंतर; आधी वारा, पाणी आणि विसावा.

आणि विचारल्यावर ऐकलेही पाहिजे. तीनदा विचारून काहीच बदलले नाही, तर चौथी चिठ्ठी कोरी येते. कोरी चिठ्ठी म्हणजे समाधान नव्हे. तो अबोला असतो. आपल्या शाळा, दवाखाने, कचेऱ्या यांत हा प्रयोग करायला मंजुरी लागत नाही, वही आणि पेन्सिल लागते. तेवढी उद्याच काढावी, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.